अंगठा सांगतो तेवढंच

पूर्ण भूल म्हणजे पेशंटला झोपवणं, अशी बाहेर समजूत असते. ओटीत आम्ही मात्र तीन कामं करत असतो. झोप आणणं हे एक. वेदना जाणवू न देणं हे दुसरं. आणि पोट उघडायचं असेल, घशातून श्वासनलिकेत नळी सरकवायची असेल, तर अंगातले स्नायू सैल करणं हे तिसरं. या तिसऱ्या कामाचं औषध वेगळं. ते झोप आणत नाही, दुखणं थांबवत नाही. फक्त स्नायू लुळे पाडतं, आणि त्यात श्वासाचे स्नायूही आले. ते शिरेत गेल्यापासून पुरतं उतरेपर्यंत त्या माणसाचा प्रत्येक श्वास आमच्या हाती असतो. माझ्या ट्रॉलीवरच्या सगळ्या औषधांत याच औषधाचा मला सर्वांत जास्त आदर वाटतो आणि धाकही.

ज्याचे स्नायू आजारानं आधीच सुजलेत, झिजलेत, त्याला हे औषध द्यायची वेळ आली तर? हा आजार तसा दुर्मीळ. भूलतज्ज्ञाच्या वाट्याला असे पेशंट मोजकेच येतात, त्यामुळे प्रत्येक जण नीट लक्षात राहतो. मी कोल्हापूर भागात काम करते. तिथल्या एका काकूंविषयी सांगते, कारण या आजारात नेमकं काय तपासायचं आणि कशावर किती विश्वास ठेवायचा, हे त्यांच्या केसमध्ये जितकं स्वच्छ दिसलं तितकं दुसरीकडे दिसलं नाही.

काकू पन्नाशीच्या, शेतात राबलेल्या. वर्षभरापूर्वी पापण्यांवर जांभळट छटा आली, बोटांच्या सांध्यांवर लालसर खवले धरले. मग मांड्या आणि खांदे हळूहळू साथ सोडू लागले. निदान झालं डर्मॅटोमायोसायटिसचं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर उलटते आणि ते आतून सुजत जातात. प्रेडनिसोलोन आणि अ‍ॅझाथायोप्रिन सुरू झालं, स्नायूंची इजा दाखवणारं रक्तातलं सीके उतरू लागलं, थोडा आराम पडला. पण या वयात हा आजार उद्भवला की डॉक्टर कॅन्सरही शोधतात, कारण दोघांचं नातं जुनं आणि सिद्ध झालेलं आहे. काकूंच्या सीटी स्कॅनमध्ये अंडाशयाची मोठी गाठ निघाली. ऑपरेशन टाळण्यासारखं नव्हतं.

"मॅडम, कमरेतून भूल देऊन जमणार नाही का?" सर्जननी विचारलं. प्रश्न रास्त होता. स्नायूंच्या आजारात जिथे जमेल तिथे मी पूर्ण भूल टाळते. हाताचं ऑपरेशन असेल तर हाताच्या नसा बधिर करते, पायाचं असेल तर स्पायनल. पण इथे गाठ बेंबीच्या वर गेलेली, चीर छातीच्या हाडापर्यंत न्यावी लागणार होती. तेवढ्या उंचीपर्यंत स्पायनल चढवली तर बरगड्यांमधले स्नायूही लुळे पडतात. ज्यांची श्वासाची ताकद आधीच उणी आहे त्यांना जागेपणी हे सोसणार नाही. पूर्ण भूल, आणि नंतरच्या दुखण्यासाठी पाठीत एपिड्युरलची बारीक नळी, असं ठरलं.

आदल्या दिवशीची तपासणी अशा पेशंटच्या बाबतीत मी घाईत उरकत नाही. ईसीजी, इको पाहिले, कारण हा आजार हृदयाच्या स्नायूलाही धरतो आणि ठोक्यांच्या लयीत बिघाड करतो. छातीच्या सीटीत फुप्फुसांच्या तळाला थोडा जाडपणा होता. तोही याच आजाराचा सोबती. पण मला खरं हवं होतं ते कुठल्याच रिपोर्टात नव्हतं. काकूंना बुटक्या स्टुलावर बसवलं आणि हाताचा आधार न घेता उठायला सांगितलं. त्यांनी गुडघ्यांवर तळवे रोवले, पुढे झुकल्या आणि तिसऱ्या हिसक्याला उभ्या राहिल्या. केस कोण विंचरतं, असं विचारलं. "जाऊबाई इंचरत्यात. हात वरच जाईना झालाय. येष्टीत चढाय तर दोघं लागत्यात, एक वर वडाय आन् एक खालनं." पाण्याचे चमचे पाजून पाहिले, तिसऱ्या चमच्याला ठसका लागला. आडवं झोपवून मान उचलायला सांगितली, तर डोकं उशीवरून हललं नाही. एका दमात आकडे म्हणायला लावले, १८ पर्यंत पोचल्या. शेवटी म्हटलं, "काकू, माझा हात जोरात दाबा." त्यांनी असा दाबला की माझ्या अंगठीचा वळ बोटावर उठला. खुरपं धरलेला हात तो.

हे सगळं मी केस पेपरवर शब्द न वाचवता उतरवलं. मान उचलत नाही, हाताची पकड चांगली, पाणी पिताना ठसका, एका श्वासात १८. माझ्याबरोबरच्या निवासी डॉक्टरला वाटलं, मॅडम उगाच पानं भरतायत. पण दुसऱ्या दिवशी ऑपरेशन संपल्यावर काकू मान उचलत नाहीत असं दिसलं, तर तो दोष औषधाचा की आजाराचा, हे फक्त आज लिहिलेलाच कागद सांगू शकतो.

आता हे औषध काम कसं करतं ते सांगायला हवं. मज्जातंतूच्या टोकाला अ‍ॅसिटाइलकोलीन सुटतं, ते स्नायूवरच्या ग्राहींना चिकटतं आणि स्नायू आखडतो. आमचं औषध, म्हणजे रिलॅक्संट, त्या ग्राहींवर आधीच ठाण मांडून बसतं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी बेडकांवर प्रयोग करून दाखवलं, की दक्षिण अमेरिकेतलं क्युरारे हे बाणांचं विष नसेला मारत नाही, स्नायूलाही नाही, दोघांच्या सांध्यावर घाव घालतं. तेच क्युरारे शुद्ध करून २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये वापरलं आणि भूलशास्त्राचं रूप पालटलं. त्याआधी पोट सैल करायचं तर ईथरची भूल खोल खोल न्यावी लागे. पण आनंद फार काळ निर्धास्त राहिला नाही. १९५४ मध्ये बीचर आणि टॉड यांनी अमेरिकेतल्या सुमारे सहा लाख भुलींचा हिशेब मांडला, आणि ज्यांना रिलॅक्संट दिलं त्यांच्यात भुलीशी जोडलेले मृत्यू कित्येक पटींनी जास्त निघाले. पुढच्या पिढ्यांनी या आकड्यांवर पुष्कळ वाद घातला. तरी औषध अंगात शिल्लक असताना पेशंटला त्याच्या श्वासावर सोडणं किती महाग पडतं, हे तेव्हापासून कुणाला नाकारता आलेलं नाही.

निरोगी माणसाकडे या सांध्यावर भरपूर शिल्लक असते. जवळजवळ पाऊण ग्राही अडवले जाईपर्यंत स्नायूची ताकद कमी झालेली दिसतच नाही, आणि नव्वद-पंचाण्णव टक्के अडले की हालचाल पूर्ण थांबते. म्हणजे औषध 'उतरलं' असं वरून दिसतं तेव्हाही निम्म्याहून जास्त ग्राही अडकलेले असू शकतात. धट्टाकट्टा माणूस तेवढ्यावर निभावून नेतो. सुजलेल्या स्नायूची गोष्ट वैशाखातल्या विहिरीसारखी आहे. पावसाळ्यानंतर उपसलेल्या दहा घागरी कुणाच्या लक्षातही येत नाहीत, आता त्याच दहा घागरींनी तळ उघडा पडतो.

मग कोणतं औषध द्यायचं? स्कोलिन मी पहिल्यांदाच बाजूला ठेवलं. घाईत नळी घालायला त्याच्याइतकं झटपट काही नाही, पण ते स्नायूंमधलं पोटॅशियम रक्तात सोडतं. निरोगी माणसात ही वाढ अर्ध्या मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास असते, आजारी स्नायूंतून ती किती होईल याची खात्री देता येत नाही. काही स्नायुविकारांत स्कोलिननंतर हृदय थांबल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि निदान न झालेल्या स्नायुविकाराच्या मुलांविषयी अमेरिकेत १९९० च्या दशकात त्यासाठी खास इशारा द्यावा लागला होता. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये तसंच होतं असा पक्का पुरावा नाही. पण दुसरा चांगला मार्ग हाताशी असताना तो पुरावा काकूंच्या अंगावर गोळा करण्याची मला गरज नव्हती.

उरली अ‍ॅट्राक्युरियम आणि रोक्युरोनियम. अ‍ॅट्राक्युरियम रक्तात आपोआप तुटतं, त्याला यकृत-मूत्रपिंडाची गरज लागत नाही. अशा पेशंटमध्ये ते सरळ वागल्याची वर्णनं आहेत, म्हणून जुन्या भूलतज्ज्ञांचा ओढा तिकडे असतो. व्हेक्युरोनियम आणि रोक्युरोनियमचा परिणाम अशा पेशंटमध्ये फार लांबल्याच्या केसेस छापून आल्यात, तशाच काही अगदी नेहमीसारख्या गेल्याच्याही. अ‍ॅझाथायोप्रिन या औषधांचा जोर कमी करतं असंही लिहिलेलं आहे, प्रत्यक्षात तो फरक किरकोळ असतो. थोडक्यात, पुस्तक वाचून काकूंचे स्नायू कसे वागतील हे कळणार नव्हतं. मी रोक्युरोनियम निवडलं, ते एकाच कारणासाठी. त्याच्यावर सुगामाडेक्सचा उतारा चालतो. निओस्टिग्मिन हा जुना उतारा अ‍ॅसिटाइलकोलीन वाढवून औषधाला ग्राहींवरून ढकलायचा प्रयत्न करतो. त्यासाठी सांध्याकडेच थोडी धमक लागते, शिवाय नाडी मंदावते, तोंडात लाळ सुटते. सुगामाडेक्स रोक्युरोनियमच्या रेणूला स्वतःच्या पोकळीत कोंडून टाकतं. स्नायू सशक्त असो की दुबळा, औषध तिथून उचललं जातं.

सकाळी काकू टेबलावर आल्या. स्टेरॉइड कित्येक महिने चालू असल्यानं हायड्रोकॉर्टिझोन दिलं. टेबलाचं डोकं वर केलं, सक्शन उशीजवळ सुरूच ठेवलं. सर्जनना आठवण केली, "सर, आज अ‍ॅमिकासिन नको." त्या गटातली अँटिबायोटिक्स रिलॅक्संटचा परिणाम लांबवतात, आणि ऑपरेशनच्या मध्यावर ते इंजेक्शन सवयीनं दिलं जाण्याची शक्यता नेहमीच असते. त्यांनी लगेच औषध बदललं. एसी कमी केला, गरम हवेचं पांघरूण लावलं, कारण थंड अंगात या औषधांचा परिणाम आणखी रेंगाळतो.

झोपेचं औषध दिलं, पण रिलॅक्संट लगेच नाही. आधी करंगळीच्या बाजूला मनगटावर दोन स्टिकर आणि अंगठ्यावर सेन्सर लावला. मशीन नसेला अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं चार झटके देतं आणि अंगठा किती हलतो ते मोजतं. औषध अंगात असेल तर चौथा झटका पहिल्यापेक्षा क्षीण होतो, आणि त्या दोघांचं गुणोत्तर म्हणजे आमचं माप. १९७० मध्ये लिव्हरपूलच्या अली, अटिंग आणि ग्रे यांनी ही पद्धत मांडली. चौथा झटका पहिल्याच्या निदान ९० टक्के होईपर्यंत नळी काढू नये, हा आजचा नियम. आणि औषध देण्यापूर्वीचं माप घेतलं नाही, तर नंतरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. हे मी विद्यार्थ्यांना इतक्यांदा सांगते की ते आधीच मान डोलावतात.

काकूंचं माप आलं १०४. या प्रकारच्या सेन्सरवर शंभराच्या थोडं वर येतं, त्यात नवल नाही. मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की चारही झटके भक्कम होते. अंगठा ठणठणीत होता. आदल्या दिवशी माझ्या बोटावर वळ उठवणारा हात आता यंत्रावरही तेच सांगत होता. हा आजार धडाजवळच्या स्नायूंना धरतो: मांड्या, खांदे, मान, घसा. हाताच्या बोटांना तो पुष्कळदा सोडून देतो. आणि आम्ही मोजतो अंगठा!

वजन ४८ किलो. रोक्युरोनियम ३० मिलिग्रॅम दिलं. स्नायू दुबळे म्हणून नळीच्या वेळीच डोस निम्मा करावा, असं काही सहकारी सांगतात. मला ते पटत नाही. अर्धवट सैल घशात नळी घालताना पेशंट खोकतो, पोटातलं वर येतं, आणि काकूंचा घसा स्वतःला वाचवू शकणार नव्हता. काटकसर करायची ती पुढच्या डोसांमध्ये. झटके जायला नेहमीच्या दीड-दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला. निवासी डॉक्टर लॅरिंगोस्कोप हातात धरून उतावीळ झाला होता. "थांब," म्हटलं, "स्क्रीन बघ, घड्याळ नको." शेवटचा झटका मावळला तेव्हाच नळी घातली. ती सहज गेली.

एवढ्या डोसानंतर साधारण अर्ध्या तासात पहिला झटका परत दिसू लागतो. काकूंचा दिसला एक तास दहा मिनिटांनी. त्या वेळात सवयीनं दोन टॉप-अप दिले गेले असते. सर्जन अधूनमधून विचारत, "रिलॅक्सेशन आहे ना?" पोट सैल होतं, त्यांना काही अडलं नाही. नंतर फक्त ५ मिलिग्रॅम दिलं, तेवढं शेवटपर्यंत पुरलं.

टाके पूर्ण झाले तेव्हा दोन झटके परत आले होते. सुगामाडेक्स १०० मिलिग्रॅम. तीन मिनिटांत माप ९९ वर. सुरुवात १०४ पासून असल्यानं मला ९४ च्या वर हवं होतं, त्याहूनही चांगलं मिळालं. काकूंनी डोळे उघडले, सांगितल्यावर हात दाबला. पण श्वास उथळ होता, जेमतेम सव्वादोनशे मिलिलिटर, आणि मिनिटाला २६. मान उशीवरून हलेना.

"मॅडम, रिव्हर्सल कमी पडलंय. निओस्टिग्मिन देऊ का?" निवासी डॉक्टरची सिरिंज भरून तयारच होती.

मी नको म्हटलं आणि केस पेपर त्याच्यापुढे धरला. मान काल तरी उचलली होती का? औषध गेलं आहे, हे यंत्र सांगत होतं, आणि त्या प्रश्नापुरतं ते बरोबर होतं. काकूंच्या अंगात श्वास घ्यायला, खोकायला, थुंकी गिळायला किती ताकद आहे, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर अंगठ्यापाशी नाही. औषध उरलेलंच नसताना निओस्टिग्मिन दिलं तर उलट घशाचे स्नायू ढिले पडू शकतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. ज्या बाईचा घसा हाच सर्वांत कच्चा दुवा, तिला ते देण्यात काय हशील?

मग आम्ही थांबलो. काकूंना बसतं केलं. भुलीचा वायू पुरता निघून जाऊ दिला, तोही स्नायू ढिले ठेवतो. एपिड्युरलमधून पातळ औषध दिलं, त्यामुळे दुखण्यानं अडलेला श्वास मोकळा झाला. अर्ध्या तासात श्वास साडेतीनशेवर गेला, सक्शनची नळी घातल्यावर खोकला जोरकस आला. तेव्हा नळी काढली आणि लगेच घट्ट मास्कनं श्वासाला आधार दिला. अतिदक्षता विभागात संध्याकाळी पुन्हा आकडे म्हणवून घेतले, ११. सकाळी १५. गिळणं तपासेपर्यंत तोंडानं पाण्याचा थेंबही दिला नाही. काकूंच्या यजमानांना हे जड गेलं. "चमचाभर तरी द्या की मॅडम, तोंड सुकलंय तिचं." ओल्या कापसानं ओठ पुसायची परवानगी दिली आणि कारण समजावलं. मग त्यांनीच रात्रभर सिस्टरच्या बरोबरीनं राखण केली.

हे सगळं शक्य झालं कारण यंत्र होतं, उतारा होता, आयसीयूत बेड होता. तालुक्याच्या गावी छोट्या नर्सिंग होममध्ये फिरून काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांकडे यातलं काय असतं? पुष्कळ ठिकाणी आजही 'पाच सेकंद मान उचला' यावरच निर्णय होतो. चौथा झटका पहिल्याच्या अर्ध्यावर असतानाही निरोगी माणूस ती परीक्षा पास होऊ शकतो. झटके देणारं साधं यंत्र असलं, तरी गुणोत्तर ४० टक्क्यांच्या वर गेलं की नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी मोजमाप करणारं यंत्र वापराच, असं स्पष्ट सांगितलं. आपल्याकडे लॅप्रोस्कोपीच्या कॅमेऱ्यावर लाखो रुपये खर्च करणारी रुग्णालयं या यंत्राची मागणी वर्षानुवर्षं पुढे ढकलतात. सर्जनच्या कामाला लागणारी वस्तू लगेच येते, पेशंटच्या श्वासाला लागणारी फाइलमध्ये पडून राहते. मला याचा राग येतो, आणि तो मी खरेदीच्या बैठकांत बोलून दाखवते.

इथून पुढे असे पेशंट वाढतील असंही वाटतं. कॅन्सरवर आता इम्युनोथेरपी दिली जाते. तिनं काही जणांत स्नायूंची सूज येते, कधी तिच्या जोडीला मायस्थेनिया, म्हणजे नस आणि स्नायू यांच्या सांध्याचा आजार, आणि हृदयाच्या स्नायूची सूजही. त्यांच्यात स्नायू आणि सांधा दोन्ही आजारी. तिथे अंगठ्याचं सुरुवातीचं मापच खाली येऊ शकतं, आणि ते आधी घेतलं नसेल तर नंतर औषधाच्या माथी मारलं जाईल.

काकू घरी गेल्या तेव्हा डिस्चार्ज कार्डाला मी एक वेगळं पान जोडलं. रोक्युरोनियम किती दिलं, झटके जायला आणि यायला किती वेळ लागला, सुगामाडेक्स किती, नळी काढताना श्वास किती, आदल्या दिवशी आणि नंतर आकडे किती. स्कोलिन टाळलं, कारण अमुक. हे पान कायम जवळ ठेवा आणि पुढच्या भूल देणाऱ्या डॉक्टरांना पहिल्यांदा दाखवा, असं त्यांच्या मुलीला बजावलं.

पुढे टाक्यांच्या जागी हर्निया झाला म्हणून दुसऱ्या गावच्या रुग्णालयात त्यांचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिथल्या भूलतज्ज्ञाचा मला फोन आला. पान त्याच्या हातात होतं. डोस तसाच ठेवू का, असं त्यानं विचारलं. मी विचारलं, काकू मान उचलतात का? "हो, उचलतात की. आणि एका दमात २७ पर्यंत मोजलं त्यांनी." गाठ निघून गेल्यावर आजारही ओसरला होता, स्टेरॉइड जवळपास बंद झालं होतं. मग माझे आकडे जुने झालेत, असं मी त्याला सांगितलं. झटक्यांचं यंत्र आहे का, विचारलं. नव्हतं. आमच्याकडचं एक त्याला त्या दिवसापुरतं पाठवायचं ठरलं, आणि औषधाआधीचं माप घ्यायचं, हे फोन ठेवण्यापूर्वी त्याच्याकडून वदवून घेतलं.